लाडका कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर आधी काय बघावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: नाशिकला तिसऱ्या मजल्यावर तुमचं घर. साडेचार वर्षांचा लॅब्रडॉर, ब्रुनो, पिल्लू असल्यापासून तुमच्याकडेच. आजवर कधी कुणाच्या अंगावर गेला नाही. गेले पंधरा दिवस मात्र जवळ गेलं की गुरगुरतो, पट्टा घालताना तर जास्तच, आणि बराच वेळ दिवाणाखाली जाऊन बसतो. परवा तुमची सात वर्षांची लेक त्याच्या गळ्यात पडायला गेली तेव्हा तो तिच्यावर झडपला. दात लागला नाही, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंना वाटतं कुत्रा पिसाळला. ट्रेनर म्हणतो, डोक्यावर चढवून ठेवलाय, उताणा पाडून दाबून धरा म्हणजे मालक कोण ते कळेल. घरात आता त्याला कुणाला तरी देऊन टाकायचं बोलणं सुरू झालंय. यातलं खरं कोणाचं आणि करायचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी साताऱ्यात २२ वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. ब्रुनोला मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याला अमुक झालंय असं इथून सांगणार नाही. पण अशी कुत्री माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात, आणि कुठून सुरुवात करायची ते मला नक्की माहीत आहे.

सगळ्यात आधी लेकीचं. तिला उजेडात बसवा आणि चेहरा, मान, हात, दंड नीट बघा. केसांच्या मुळाशी, कानामागेही बघा. घाबरलेलं मूल ‘काही नाही झालं’ म्हणतं आणि आपणही सुटकेचा श्वास टाकतो. दात टेकून कातडी नुसती खरचटली असेल, रक्तही आलं नसेल, तरी ते चावल्यातच धरतात. असा ओरखडा सापडला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काही लावू नका. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कुत्र्याचं लसीकरण वेळेवर झालेलं असलं तरी लेकीला लस द्यायची की नाही हे त्या डॉक्टरांना ठरवू द्या, घरात बसून ठरवू नका. काहीच ओरखडा नसेल तर उत्तमच.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पिसाळलेलं कुत्रं डोळ्यांनी पाहिलंय, ती भीती अनुभवातून आलेली आहे. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत एक दिलासा आहे, तो म्हणजे पंधरा दिवस. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत दगावतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ते याचसाठी. ब्रुनो पंधरा दिवस असाच आहे आणि तुम्ही म्हणता तसं जेवतोय, खाली फिरायला जातोय. दरवर्षीची लसही झालेली आहे. हे पिसाळण्याचं चित्र नाही. तरीही परवाच्या घटनेपासून दहा दिवस तो घरातच राहील, कुठे जाणार नाही, हे बघा. या काळात त्याचा आवाज घोगरा झाला, खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळायला लागली, गिळता येईना किंवा चाल झोकांड्या खायला लागली तर तोंडाजवळ हात न नेता डॉक्टरांना घरी बोलवा. हे मुद्दाम सांगते, कारण जबडा लोंबलेला पाहिला की लोक ‘घशात हाड अडकलं’ म्हणून तोंडात हात घालतात. आणखी एक: कुत्रा पाणी पितोय म्हणजे पिसाळलेला नाही, ही समजूत चुकीची आहे. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालताना मी पाहिलाय.

दुसरी गोष्ट जागेची. आजपासून लेक आणि ब्रुनो मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नकोत. मधल्या दाराला लहान मुलांसाठीचं फाटक लावा, नाहीतर दार लोटून घ्या. दिवाणाखालची जागा ब्रुनोची आहे असं घरात सगळ्यांना सांगा. तिथे हात घालायचा नाही, ओढून बाहेर काढायचं नाही, वाकून त्याच्या तोंडासमोर तोंड न्यायचं नाही. ही शिक्षा नाही. दोघांनाही सुरक्षित ठेवायची सोय आहे, आणि नेमकं काय झालंय ते कळेपर्यंतचीच आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या घरात सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरताहेत: त्याला वठणीवर कसं आणायचं? माझा प्रश्न वेगळा आहे. पंधरा दिवसांपूर्वी असं काय बदललं? साडेचार वर्षं जो कुत्रा पोरांना अंगावर लोळू देत होता त्याचा स्वभाव एका आठवड्यात पालटत नाही. पिल्लाचा स्वभाव घडत जातो, आठ-नऊ महिन्यांचा किंवा दीड-दोन वर्षांचा कुत्रा वयात येताना थोडा बदलतो, ते हळूहळू होतं. पूर्ण वाढलेला, शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर मी पहिल्यांदा दुखणंच शोधते. सगळीकडे शोधून काही मिळालं नाही, तरच वागणुकीकडे वळते. हा क्रम मी कधीच उलटा करत नाही, आणि तो मी चूक करून शिकले.

दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका आजोबांचा नऊ वर्षांचा स्पिट्झ आला. उचलायला गेलं की चावतो, ही तक्रार. आजोबा त्याला ताटातलं भरवत, पलंगावर झोपवत. मी तपासलं, ताप नव्हता, छाती साफ होती. मी म्हटलं, लाडावलाय, थोडं शिस्तीत घ्या. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ फुटून पू वाहत होता. वरच्या दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. त्या दाढेची मुळं डोळ्याच्या खालीच येतात, म्हणून पू तिथे फुटतो. आजोबा त्याला उचलताना एक हात जबड्याखाली घालायचे. पहिल्या भेटीत मी ओठ वर करून मागची दाढ बघितली असती तर त्या जिवाचे तीन आठवडे वाचले असते. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी तो आजोबांच्या मांडीवर झोपून आला. त्यानंतर आजतागायत, तक्रार काहीही असो, तोंड आणि कान बघितल्याशिवाय मी कुत्रा टेबलावरून खाली उतरवत नाही.

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. एक, पट्टा घालताना तो जास्त चिडतो. दोन, पावसाळा सुरू झाल्यापासून तो ‘सारखी मान झटकतो’. आणि लेक गळ्यात पडली तेव्हा झडपला. पट्टा, मान झटकणं, गळ्यात हात. तिन्ही गोष्टी डोक्या-मानेच्या आसपासच्या आहेत. मी तिथे असते तर सगळ्यात आधी त्याचा कान उचलून वास घेतला असता.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते, ‘एल’ अक्षरासारखी. लॅब्रडॉरचा कान वरून झाकलेला. पावसात भिजला, आंघोळीचं पाणी गेलं की आत ओल राहते, ऊब असतेच, आणि बुरशी किंवा जंतू वाढायला याहून चांगली जागा नाही. सुरुवातीला नुसती खाज असते. मग सूज येते, नळी अरुंद होते, मळ बाहेर येईना होतो, आणि मग दुखणं. कानाचं दुखणं ज्याने भोगलंय त्याला विचारा, कुणी नुसता गालाला हात लावला तरी माणूस खेकसतो. ब्रुनोला तर बोलताही येत नाही. तो आधी बाजूला झाला, मग दिवाणाखाली गेला, मग गुरगुरला, आणि तरीही गळ्यात हात पडला तेव्हा झडपला.

घरी बघायचं तर एवढंच बघा. तो स्वतःहून तुमच्याजवळ येऊन बसेल तेव्हा, हात न लावता, लांबूनच. डोकं एका बाजूला कललेलं आहे का? एकच कान खाली पडलाय का? मागच्या पायाने कान खाजवताना मध्येच कळवळतो का? एकाच कुशीवर झोपतो का? जवळ आल्यावर आंबलेल्या पिठासारखा वास येतो का? पंजांच्या बोटांमधले केस तांबूस झालेत का? सतत चाटल्याने लाळेमुळे केसांना तसा रंग येतो. पंजे चाटणं आणि कान पिकणं एकत्र आलं तर मूळ बहुतेक वेळा त्वचेच्या ॲलर्जीत असतं. मग नुसत्या कानाच्या औषधाने तात्पुरतं बरं वाटतं आणि दोन महिन्यांनी तेच पुन्हा. कानाची पाळी फुगलेली, गुबगुबीत दिसली तर थांबू नका. मान झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळीत रक्त साठतं, त्यावर लवकर उपचार लागतात.

आणि कृपा करून कानात कोमट तेल घालू नका. आपल्या घरात लहानपणी सगळ्यांच्याच कानात तेल घातलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप तेलाच्या वाटीकडे जातो. तेलाने आतली ओल आणि मळ तिथेच कोंडतो. कापसाच्या काडीनेही साफ करू नका, मळ वळणाच्या पलीकडे ढकलला जातो. मागच्या वेळची उरलेली औषधाची बाटलीही नको. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आतल्या कानापर्यंत पोचून कायमचा बहिरेपणा आणू शकतात. पडदा शाबूत आहे का ते दुर्बिणीने बघूनच औषध ठरतं. मळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन बघितला की बुरशी आहे की जिवाणू ते पाच-दहा मिनिटांत कळतं, आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. हे न करता दिलेले थेंब म्हणजे अंधारात दगड मारणं.

कान स्वच्छ निघाला तर? तेही होऊ शकतं. मग पुढची जागा तोंड. तो कडक हाडं किंवा शिंगं चावत असेल तर दाढेचा टवका उडालेला असू शकतो. एका बाजूनेच चावतो का, खाताना दाणा खाली पाडतो का, बघा. त्यानंतर मान आणि पाठ. जिना उतरताना थबकतो का, मान खाली घालून भांड्यातलं खायचं टाळतो का? तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून दोन-तीनदा चढ-उतार करणाऱ्या भारी अंगाच्या लॅब्रडॉरची कोपरं आणि खुबे मी नेहमी बघते. त्यात घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय रोज घसरत असतात. एका जर्मन शेफर्डचं उदाहरण देते. तो झोपलेला असताना कुणी जवळून गेलं की गुरगुरायचा. क्ष-किरणात दोन्ही खुबे खराब निघाले. कुणाचा पाय लागेल आणि झटक्यात उठावं लागेल, याची त्याला धास्ती होती. वेदनेची औषधं, वजन सहा किलो कमी, आणि झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पायपुसण्यांची वाट. दीड महिन्यात गुरगुरणं थांबलं. शिस्त कुणीच लावली नव्हती.

आता जरा थांबून गोचीड तापाबद्दल बोलते, कारण आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात आणि नंतर, ‘कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, अंगाला हात लावू देत नाही’ या तक्रारीमागे मला हा आजार फार वेळा सापडतो. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड एर्लिकिया, बबेशिया अशा रक्तातल्या आजारांचे जंतू सोडते. कुत्रा मलूल होतो, ताप येतो, जेवण अर्धवट सोडतो, सांधे दुखतात. वरून दिसायला मोठं काही नसतं, फक्त तो ‘पूर्वीसारखा नाही’. हिरड्या फिकट पडतात, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लालसर-जांभळे ठिपके दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ततपासणीत प्लेटलेट्स उतरलेल्या असतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. माझ्याकडे कोरेगावच्या बाजूच्या एका मळ्यातला गावठी कुत्रा आला होता. राखणीला पक्का, आणि अचानक रात्री गोठ्यात लपून बसायला लागला. मालक म्हणाला, ‘मॅडम, ह्याला काहीतरी दिसतंय, घाबरलाय.’ प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार होत्या. कानाच्या घडीत बोटं फिरवली तर धण्याएवढ्या अकरा गोचिडी निघाल्या.

एर्लिकियाचं औषध साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांनी तो पुन्हा येतो, आणि तेव्हा प्रकरण जास्त बिघडलेलं असतं. बबेशियाला हे औषध पुरत नाही, त्याचं वेगळं आहे, म्हणून तपासणी न करता ‘गोचीड तापाचा कोर्स’ चालू करणं मला पटत नाही. ही गोचीड घरातच राहते हेही लक्षात ठेवा. मादी रक्त पिऊन अंगावरून खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते. कुत्र्यावर औषध लावलं आणि घर तसंच ठेवलं तर काही आठवड्यांत नवी पिढी अंगावर. फ्लॅटमध्ये कुत्रा कुठे जात नसला तरी जिना, पार्किंग, सोसायटीची हिरवळ आहेच. गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध मात्र अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला लावू नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुकानातून आणून टोचण्याचा प्रकारही नको. कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत बाधतं, आणि चुकीच्या मात्रेत कुठल्याच कुत्र्याला ते सुरक्षित नाही.

ताप बघायचाच असेल तर गुदद्वारातून थर्मामीटरने बघतात. नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. पण ब्रुनो सध्या ज्या मनःस्थितीत आहे त्यात तुम्ही हे करू नका, डॉक्टरांवर सोडा. नाक गरम की गार यावरून ताप कळत नाही. घरी सुरक्षितपणे मोजता येईल अशी एक गोष्ट म्हणजे श्वास. गाढ झोपेत असताना छातीचे ठोके नव्हे, छाती वर-खाली होणं मिनिटभर मोजा. तिसाच्या वर सतत येत असेल तर लिहून ठेवा आणि सांगा.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देण्याचा मोह होईल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली की यकृतावर जातं. ‘अर्धीच गोळी दिली होती’ म्हणून काळी शी करणारी, सलाईनवर पडलेली कुत्री मी पाहिली आहेत. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत आणि चांगली आहेत, ती वजन बघून डॉक्टर देतील.

आता ट्रेनरच्या सल्ल्याबद्दल, आणि इथे मी अजिबात आडपडदा ठेवणार नाही. उताणा पाडून दाबून धरणं ब्रुनोसाठी आणि तुमच्यासाठी धोक्याचं आहे. कळपात एक ‘अल्फा’ असतो आणि तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही कल्पना बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून पसरली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनीही आधी ती मांडली होती. रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ब्रुनो तुमची गादी बळकवायला निघालेला नाही. कान दुखणाऱ्या कुत्र्याची मान धरून त्याला जमिनीवर दाबलं तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे, आणि तो मिळतोय हे चांगलं आहे. कुत्रा एकदम चावत नाही. आधी नजर आणि तोंड फिरवतो. कारण नसताना जांभई देतो, ओठ चाटतो. डोळ्याच्या कडेला पांढरं चंद्रकोरीसारखं दिसायला लागतं. अंग ताठरतं, शेपूट थांबते. मग गुरगुर, मग हवेत झडप, आणि सगळं वाया गेलं की चावा. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो. त्याची भीती आणि वेदना तशीच राहते, फक्त घंटा बंद होते. ‘काही कारण नसताना एकदम चावला’ म्हणून जी कुत्री माझ्याकडे आणतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आधी गुरगुरल्याबद्दल चपलेने मारलेलं असतं. परवा ब्रुनोचं तोंड लेकीच्या गालापासून काही इंचांवर होतं. त्याला चावायचंच असतं तर तो चुकला नसता. त्याने हवेत झडप घातली, म्हणजे अजून तो स्वतःला आवरतोय. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नका, पुढच्या वेळी आवरता येईलच असं नाही.

दुखणं सापडलं आणि बरं झालं की तो लगेच पूर्वीसारखा होईल का? काही होतात. काही कुत्र्यांच्या मनात मात्र ‘गळ्याशी हात आला की दुखतं’ हे बसलेलं असतं, आणि कान बरा झाल्यावरही ते महिना-दीड महिना टिकतं. त्यासाठी घाई न करता असं करा. पट्टा नुसता हातात घ्या आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. पट्टा खाली ठेवा, तुकडे बंद. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. पट्टा दिसला की तो आनंदाने तुमच्याकडे बघायला लागला, मगच पट्टा मानेजवळ न्या. मग नुसता टेकवा. मग घाला. कुठल्याही पायरीवर अंग ताठ झालं तर एक पायरी मागे या. तोपर्यंत फिरायला नेताना छातीवरून जाणारं हार्नेस वापरा, मानेवर ताण नको. तेही कानावर घासणार नाही असं, खालून बकल लावायचं घ्या.

लेकीला एक गोष्ट शिकवा, ती मुलं पटकन शिकतात. ब्रुनोला आपण बोलवायचं, त्याच्याकडे आपण जायचं नाही. तो आला तर छातीवर तीन सेकंद हात फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. त्याने पुढे सरकून डोकं घातलं तर अजून तीन सेकंद. तो तिथेच थांबला किंवा मागे वळला तर आजचं झालं. मिठी नाही, झोपलेला असताना हात नाही, जेवताना जवळ जाणं नाही. हे सगळं तुम्ही समोर असतानाच, आणि डॉक्टरांनी दुखणं नाही असं सांगितल्यानंतरच.

सगळ्या तपासण्या होऊनही काहीच सापडलं नाही, तर मग घरातलं वेळापत्रक, शेजारचं बांधकाम, नवीन पाहुणा, एकटं राहण्याचे तास, फिरणं कमी झालंय का, हे बसून बोलावं लागतं. वागणुकीवर काम करणारा, मारहाण न करणारा माणूस शोधावा लागतो. पण तो टप्पा अजून आलेला नाही.

देऊन टाकण्याबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय, म्हणून स्पष्ट सांगते. आज तो निर्णय घेऊ नका. दुखणं अंगावर घेऊन तो दुसऱ्या घरी गेला तर तिथेही गुरगुरेल, आणि तिथे त्याला साडेचार वर्षांचा इतिहास नसेल. असे कुत्रे तीन-चार हात बदलतात आणि शेवटी साखळीला किंवा रस्त्यावर येतात. दुसरं घर हेच योग्य, असं मी स्वतः सांगितलेली घरंही आहेत. घरात रांगतं मूल, जागा इतकी छोटी की वेगळं ठेवता येत नाही, कुत्रा आधी खरोखर चावलेला, आणि तपासणीत काही नाही. तिथे मी कुणाला दोष दिला नाही. तुमच्या गोष्टीत यातलं अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

दवाखान्यात जाण्याआधी दोन छोटे व्हिडिओ काढून ठेवा: एक तो मान झटकतो तेव्हाचा, एक जिना उतरतानाचा. दवाखान्यात गेल्यावर बरीच कुत्री भीतीने ताठ उभी राहतात आणि लंगडणं, खाजवणं सगळं लपवतात. लसीची वही घ्या. फोन करतानाच ‘हात लावला की झडपतो’ हे सांगा, म्हणजे गर्दी नसलेली वेळ देतील आणि जाळीचं मुसकं तयार ठेवतील. मुसकं घातलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यामुळे तपासणी नीट आणि लवकर होते. कान दुखत असेल तर तो जागेपणी आतवर बघू देणार नाही, म्हणून ‘गरज पडली तर गुंगी देऊन कान आणि दाढा दोन्ही बघा, आणि रक्ताची तपासणीही करा’ असं तुम्हीच सुचवा. गुंगीची शक्यता असल्याने सकाळी त्याला काही खायला देऊ नका, किती तास उपाशी ठेवायचं ते फोनवरच विचारून घ्या. पाणी चालेल का तेही विचारा. आणि निघताना त्याला मानेच्या पट्ट्याने ओढत खाली आणू नका. दार उघडा, तुकडा दाखवा, त्याला त्याच्या चालीने उतरू द्या.